धूप आमचा की तुमचा? कोरलईच्या चर्चपासून अरबस्तानाच्या झाडापर्यंत

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' बरेचसे गाळलेत, सगळे नाही.)

इअरफोन नीट लावा, आजचा विषय वासाचा आहे. वास काही मोबाईलमधून पाठवता येत नाही, त्यामुळे आज तुमच्या आठवणीतला वास वापरायचाय. डोळे मिटा आणि घरातलं धुपाटणं आठवा. खाली नारळाच्या सोडणाचे निखारे, वर टाकलेला ऊद, मग तो पांढरा धूर आणि आजीचा आवाज, "दारं लावू नका रे, सगळ्या खोल्यांतून फिरू दे."

आठवला? मग सुरू करू.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका कोरलईच्या मित्राची आजी गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अलिबागवरून मुरुडकडे जाताना रेवदंडा लागतं, तिथला खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव आणि पुढे कोरलई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात एक वेगळी भाषा बोलतात, नो लिंग, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून ती तयार झाली. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, भाषा मात्र राहिली. आजी तीच बोलायची. माझ्याशी मात्र चक्क आगरी वळणाची मराठी.

अंत्यविधी माउंट कार्मेल माउलीच्या चर्चमध्ये होता. शेवटी फादर शवपेटीभोवती फिरले. आधी पवित्र पाणी शिंपडलं, मग साखळीला लटकवलेलं धूपदान हलवत धूर दिला. मी मागच्या बाकावर होतो. शेजारी आमच्याच गावातले एक काका बसले होते. ते हळूच म्हणाले, "हे बघ, आपल्याकडूनच घेतलंय सगळं."

मी मान डोलावली. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी मित्राला भेटलो तेव्हा कळलं, ते वाक्य त्यानेही ऐकलं होतं. तो चिडला नव्हता. एवढंच म्हणाला, "अरे, लहानपणी अल्टर सर्व्हर होतो मी, ते धूपदान मीच धरायचो. पण आजीला शेवटचा धूप दिला तेव्हा मला कळेना, हे आमचं आहे की तुमचं? तू एवढं वाचतोस ना, शोध की."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बग कुठून आला ते शोधायचं तर मागे मागे जायचं, एवढंच आम्हाला येतं. तेच केलं.

आधी माल ओळखू

पहिला घोळ नावांचा आहे. दुकानात जाऊन 'धूप द्या' म्हटलं तर पाच वेगळ्या वस्तू मिळू शकतात. सगळे झाडांचे डिंक किंवा राळ, पण झाडं वेगळी.

आपण ज्याला लोबान म्हणतो तो बहुतेक वेळा सुमात्राकडच्या स्टायरॅक्स झाडाचा असतो. वास थोडा व्हॅनिलासारखा गोड. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लुबान म्हणत, आणि त्या नावावरूनच पुढे युरोपात 'बेंझोइन' शब्द झाला. गुग्गुळ राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातल्या काटेरी झुडपाचा. सह्याद्रीत एका झाडाचं नावच धूप आहे, त्याची राळ काळपट. आणि विदर्भात, मेळघाट-सातपुड्याच्या रानात सालई नावाचं झाड आहे, त्याचा डिंकही जळताना सुगंध देतो.

सालई लक्षात ठेवा. तिचं शास्त्रीय कुळ बोस्वेलिया. बायबलमधला तो प्रसिद्ध ऊद याच कुळातल्या दुसऱ्या झाडांचा, ओमान, येमेन आणि सोमालियाच्या कोरड्या डोंगरांत वाढणाऱ्या. म्हणजे विदर्भातली सालई आणि अरबस्तानातलं ते झाड चुलतबहिणी झाल्या.

हा डिंक काढतात कसा? झाडाच्या सालीला हत्याराने छोटी जखम करतात. झाड ती जखम बुजवायला दुधासारखा चीक सोडतं. हवा लागली की तो घट्ट होतो, आणि दहा-पंधरा दिवसांनी सुकलेले थेंब खरवडून काढतात. या थेंबांना जगभर 'अश्रू' म्हणतात. अरबी 'लुबान' आणि हिब्रू 'लेवोना' ही दोन्ही नावं 'पांढरा' या एकाच मूळ अर्थातून आलीत.

दुसरा पदार्थ गंधरस. आपल्याकडे त्याला बोळ किंवा हिराबोळ म्हणतात. लालसर-तपकिरी, चवीला जाम कडू. याचं झाड गुग्गुळाच्या कुळातलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला तीन भेटी देतात. मराठी बायबलमध्ये त्यांची नावं आहेत सोनं, ऊद आणि गंधरस. इथे एक गंमत. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड, अगरूचं सुगंधी लाकूड. मराठीत येता येता तो शब्द निखाऱ्यावर टाकायच्या राळेचा झाला, आणि त्यातूनच आपली उदबत्ती आली.

आता या तीन भेटींचा अर्थ. दुसऱ्या शतकातले धर्मगुरू आयरेनियस यांनी लिहिलेला अर्थ आजही प्रवचनांत सांगतात: सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मरण येणाऱ्या माणसासाठी. तान्ह्या बाळाला मरणाची वस्तू भेट? हे माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, ऊद न बोळ? हे तर बाळंतिणीच्या खोलीतलं सामान आहे." बाळाला उदाची धुरी, बाळंतिणीला हिराबोळ. आपल्या जुन्या घरांतून हे चालायचंच. (हल्ली डॉक्टर तान्ह्या बाळाजवळ धूर नको म्हणतात. ते ऐका.) धर्मगुरूंना त्यात मरण दिसलं, आईला जन्म दिसला. मला वाटतं दोघंही बरोबर आहेत, कारण हे पदार्थ आयुष्याच्या दोन्ही टोकांना वापरले जायचे.

पहिला प्रोप्रायटरी फॉर्म्युला

ख्रिस्ती धर्माच्या आधी ज्यू धर्म. बायबलच्या निर्गम या पुस्तकात, ३०व्या अध्यायात, धुपाची चक्क रेसिपी दिली आहे. ऊद आणि आणखी तीन सुगंधी द्रव्यं समप्रमाणात घ्यायची, त्यात मीठ घालायचं. पुढे ताकीद आहे की हा धूप स्वतःच्या वापरासाठी बनवायचा नाही. जो कोणी वास घ्यायला म्हणून तसा बनवेल त्याला समाजातून बाहेर काढायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर लायसन्स अगदी कडक.

जेरुसलेमच्या मंदिरात हा धूप रोज सकाळ-संध्याकाळ जळायचा. एका स्तोत्रात प्रार्थनेला वर चढणाऱ्या धुपाची उपमा आहे. धूर हाताने धरता येत नाही, पण वर जाताना दिसतो, आणि प्रार्थनेचंही तसंच काहीसं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, धूर आणि प्रार्थना पुन्हा एकत्र येतात.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर पाडलं आणि तो धूप कायमचा थांबला. ज्यूंच्या घरात सुगंध मात्र राहिला. शब्बाथ संपताना सुगंधी मसाला किंवा पान हुंगायची प्रथा आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक शतकानुशतकं राहिले, अलिबाग आणि रेवदंड्यात त्यांची सिनेगॉग आजही उभी आहेत. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. तेल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्या धुपाला नकार दिला

आता खरा ट्विस्ट. मला वाटलं होतं, ज्यूंकडून ख्रिस्ती लोकांनी धूप घेतला आणि विषय संपला. तसं नाहीये. पहिली जवळपास तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक उपासनेत धूप जाळण्यापासून लांबच राहिले.

कारण रोम. रोमन साम्राज्यात देवांपुढे आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळणं ही निष्ठेची खूण होती. सन ११२ च्या सुमारास धाकटा प्लिनी नावाचा सुभेदार सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. त्याची पद्धत सोपी होती. संशयिताला सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायला लावायचं. केलं तर सोडायचं, ठाम नकार दिला तर मृत्युदंड.

पुढे सन २५० मध्ये सम्राट डेशियसने सगळ्यांनाच बळी अर्पण करायचा हुकूम काढला. भीतीने ज्या ख्रिस्ती लोकांनी धूप जाळला त्यांना लॅटिनमध्ये एक वेगळं नावच पडलं, 'थुरिफिकाती', म्हणजे धूप जाळलेले. नंतर त्यांना परत चर्चमध्ये घ्यायचं की नाही यावर मोठं भांडण झालं. चिमूटभर राळ. पण ती निखाऱ्यावर टाकली की तुम्ही कोण ते ठरायचं.

हे वाचलं तेव्हा ते काका आठवले. 'आपल्याकडूनच घेतलंय' म्हणणं किती सोपं. इथे तर लोकांनी धूप घेतला नाही म्हणून जीव दिला होता.

मग परत आला कुठून?

अंत्यविधीतून.

साधारण सन १९७ मध्ये कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन एका आरोपाला उत्तर देतो. आरोप असा की हे ख्रिस्ती लोक देवळांसाठी धूप घेत नाहीत, म्हणजे धंदा बुडवतात. तो म्हणतो, देवांसाठी आम्ही धूप घेत नाही हे खरं, पण अरबस्तानातल्या व्यापाऱ्यांनी तक्रार करू नये. देवांना धुरी देण्यात खपतो त्याहून जास्त माल आम्ही आमची माणसं पुरताना वापरतो.

कळलं ना? धूप वेदीवर चालत नव्हता तेव्हाही मेलेल्या माणसासाठी सुगंधी राळ चालत होती. त्यामागे बायबलचाच प्रसंग आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पुरताना निकदेम गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण आणतो, आजच्या हिशेबाने तीस किलोंच्या वर. आणि रविवारी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन बायका कबरीकडे जातात, हे तर ईस्टरच्या गोष्टीचं पहिलंच दृश्य.

व्यावहारिक कारणही होतं. उष्ण प्रदेश, मृतदेह, गर्दी. राळेचा वास दुर्गंधी झाकतो, आणि गंधरस जंतूंची वाढ रोखतो हे इजिप्तचे लोक फार आधीपासून वापरत होते. तिथे प्रेतं टिकवण्यासाठी अशा राळा वापरायचे. पण काम व्यावहारिक म्हणून त्यातलं प्रेम कमी होत नाही. शेवटची आंघोळ घालतो तेव्हा आपण फक्त स्वच्छतेचा विचार करतो का?

चौथ्या शतकात छळ थांबला. शतकाच्या शेवटी एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली आणि तिने तिथल्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. रविवारी पहाटे, येशूच्या कबरीची जी गुहा मानतात तिच्यात धूपदानं नेली जातात आणि सगळं चर्च सुगंधाने भरून जातं. मग बिशप पुनरुत्थानाचा वृत्तांत वाचतात. म्हणजे त्या बायकांची पहाट पुन्हा उभी केली जात होती, आणि तीही कबरीपाशीच.

धूप वेदीपाशी यायला आणखी कारणं होती. रोमन अधिकाऱ्यांपुढे मानासाठी धूप नेत, तो मान बिशपना मिळू लागला. पण मला धागा सापडला तो हा. ख्रिस्ती लोकांच्या हातातून ही राळ सुटली नाही ती त्यांच्या मृतांमुळे.

धूपदान वाचायचं कसं

आज कॅथलिक मिस्सेत धूप ऐच्छिक असतो, बहुधा मोठ्या सणांना दिसतो. वेदीला, क्रुसाला, शुभवर्तमानाच्या पुस्तकाला, भाकर-द्राक्षारसाला, फादरांना आणि मग जमलेल्या लोकांनाही धूप देतात. हलवायचेही नियम आहेत. क्रुसाला तीनदा, संतांच्या मूर्तीला दोनदा. आणि लोकांना किती? तीनदाच. मित्र म्हणतो, लहानपणी त्याला हेच सगळ्यात भारी वाटायचं, की मागच्या बाकावरच्या माणसालाही क्रुसाइतकाच धूप.

शवपेटीला धूप देतात त्याचा अर्थ यातूनच लागतो. बाप्तिस्मा झालेलं शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर मानतात. मंदिराला धूप द्यायचा तर या शरीरालाही. भूत पळवणं, दोष काढणं असलं काही तिथे नसतं. तो मान असतो.

आणखी एक गोष्ट मित्राने दाखवली. राळेचे खडे ठेवायची डबी असते, तिचा आकार होडीसारखा आणि लॅटिन नाव 'नाविकुला', छोटी नाव. खाडीकाठच्या पोराला हे सांगावं लागलं नव्हतं, तो लहानपणापासून तिला होडीच म्हणायचा.

एक सांगायलाच हवं, सगळे ख्रिस्ती धूप जाळत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये ऊद फक्त बायबलमध्ये वाचायला मिळतो.

होडीत काय होतं

आता मित्राच्या प्रश्नाकडे. आमचं की तुमचं?

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं समुद्री मार्गदर्शक लिहिलं, त्या काळचं गूगल मॅप्स समजा. त्यात आपल्या किनाऱ्यावरचं सिमुल्ला हे बंदर येतं. बहुतेक अभ्यासक त्याला चौल मानतात, म्हणजे रेवदंड्याला लागून असलेलं आपलं चौल. त्याच पुस्तकात अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मोशा बंदराचं वर्णन आहे. भारतातून गेलेल्या जहाजांना उशीर झाला तर ती तिथे हिवाळा काढायची आणि बदल्यात ऊद घ्यायची. द्यायची काय? कापड, गहू आणि तिळाचं तेल. मोशा म्हणजे आजच्या ओमानमधलं खोर रोरी. तिथल्या उत्खननात भारतीय मातीची भांडी सापडलीत, आणि ती जागा २००० पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

उलट दिशेनेही माल जायचा. याच पुस्तकात भरुचहून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालात गुग्गुळ आहे. निकदेमाने आणलेला अगरू तर, बऱ्याच अभ्यासकांच्या मते, भारत किंवा त्याच्याही पूर्वेकडचं लाकूड.

म्हणजे तेल इकडून गेलं, ऊद तिकडून आला, गुग्गुळ इकडून गेला. दीड हजार वर्षांनी पोर्तुगीज त्याच चौलला आले, १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला, आत चर्च बांधली. त्यांचे अवशेष आज रेवदंड्याच्या किल्ल्यात माडांच्या गर्दीत उभे आहेत. त्या चर्चमध्ये धूपदान हललं तेव्हा हा वास या बंदराला नवा नव्हता. आपल्या देवळात, दर्ग्यात तो आधीपासून होताच.

त्यामुळे 'कोणी कोणाकडून घेतला' हा प्रश्नच चुकलाय. राळ सगळ्यांनी एकाच बाजारातून घेतली. ती कोणासाठी जाळायची, कधी नाही जाळायची आणि त्यासाठी काय किंमत मोजायची, हे ज्याचं त्याने ठरवलं. कोरलईच्या आजीला दिलेल्या धुपाचा इतिहास पूर्णपणे त्यांचा आहे. वास मात्र सगळ्यांचा.

जाता जाता, झाडाबद्दल

२००८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात बोस्वेलियाच्या राळेतल्या एका घटकाने भीती कमी होताना दिसली. त्यावरून 'विज्ञानाने सिद्ध केलं' असले फॉरवर्ड फिरवू नका, ते उंदीर होते. धूर तो धूरच. दम्याचं माणूस घरात असेल तर खिडकी उघडा.

जास्त काळजी झाडाची करा. गुग्गुळ जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. इथिओपिया, एरिट्रिया, सुदानकडच्या ज्या बोस्वेलियाचा ऊद चर्चमध्ये खूप वापरतात, तिच्याबद्दल २०१९ मध्ये संशोधकांनी इशारा दिला की पुढच्या वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल. जुनी झाडं मरतायत, आणि चराई नि वणव्यांमुळे नवी रोपं वाढत नाहीत. एका झाडाला किती जखमा करायच्या याचा जुना हिशेब होता, तोही सुटत चाललाय.

हे सगळं मित्राला सांगितलं. आम्ही कोरलईच्या किल्ल्याखाली, दीपगृहाजवळ बसलो होतो. टर्टुलियनची गोष्ट त्याने दोनदा ऐकली. मग म्हणाला, "म्हणजे आजीसारख्या माणसांमुळेच हे टिकलं." मी म्हटलं, "हो, असंच म्हणायला हवं."

त्या काकांनाही सांगितलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "पुढच्या वेळी मला त्या होडीची डबी दाखव."

तुमच्या घरच्या धुपाटण्यात नक्की काय जळतं ते आज आजीला विचारा. ऊद, राळ, गुग्गुळ की बाजारची तयार पूड? व्हॉइस नोट करून पाठवा, शक्यतो आजीच्याच आवाजात. पुढच्या भागात भेटू.